चौथी खुर्ची रिकामी

१

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तुडीलचे बुद्धरत्न आणि त्यांची लेक शर्मिला मेहेंदळेबाईंच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा बाई दूधवाल्याशी भांडत होत्या. दूध पातळ की बाईंची जीभ तिखट, हा महाडातला वीस वर्षांचा वाद आहे. त्यात आपण पडायला नको.

"बाई, माझं नाव गेलं," शर्मिला म्हणाली.

"गेलं म्हणजे? कुठं गेलं?"

"निकालवहीतनं. सोमवारी पयला नंबर मी व्हते. आता अस्मिता पयली दिसते. मी नायच हाय. खाली बी नाय."

बाईंनी दूधवाल्याला हातानंच वाटेला लावलं. विनोदिनी मेहेंदळे म्हणजे महाडातल्या दोन पिढ्यांना गणित शिकवून सात वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाई. महिन्यापूर्वी हिरकणीवाडीपासून पायऱ्यांनी रायगडावरच्या होळीच्या माळापर्यंत मुलींची गडचढाई स्पर्धा झाली, तेव्हा घड्याळ धरायला बाईच होत्या. त्या रोपवेनं वर गेल्या होत्या. पासष्टाव्या वर्षी आणखी कशानं जाणार? शर्मिला पहिली आली. अस्मिता चाळीस सेकंदांनी दुसरी. बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बुद्धरत्न, बसा. नीट सांगा."

बुद्धरत्न बसले नाहीत. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ते माल भरायच्या कामावर होते. आज खाडा करून आले होते. पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात जिल्ह्यातून एकच मुलगी घेणार होते. राहणं, जेवण, शाळा, रोजचा सराव, सगळं तिथंच. निवड समिती निकाल बघायची तो 'निकालवही' या वेबसाईटवर. सोमवारी समितीच्या साहेबांनी शर्मिलाचं नाव पाहिलं आणि काल बुधवारी पाहिलं तर अस्मिताचं.

"काल रातच्याला शेजारच्यांकडं फोन आला," बुद्धरत्न म्हणाले. "साह्यब म्हनले, आज चारच्या आत लिहून पाठवा. नाव कुनी काढलं, का काढलं, आनि काढणाऱ्याची सही. नायतर आता पानावर जी पयली हाय, तीच घेणार."

"आणि गंधार काय म्हणतो?" गंधार म्हणजे वेबसाईटचा मालक, बाईंचा जुना विद्यार्थी.

"म्हंतो, मी नाय केलं. पर लोक म्हंतात, अस्मिताच्या बापानं, डाक्टरांनी, त्याच्या क्लासला नवा कॉम्प्युटर दिलाय."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि पदर खोचला. "दहाला भारनियमन सुरू होतं. लाइट गेली की त्याची पेटी बंद. चला, चला, उभे काय राहिलात!"

२

गंधारचा कॉम्प्युटर क्लास एस.टी. स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर. पोराच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी याच पोराचा वाचनालयात सत्कार झाला होता. निकालवही त्यानं सुधारली म्हणून. आधी तिच्यावर निकालांची साधी पानं असत. आता खेळाडूचं नाव टाकलं की त्याचे सगळ्या वर्षांचे निकाल एका फटक्यात समोर येत, आणि वेळा भरल्या की क्रमांक आपोआप पडत. सत्कारात मुख्य भाषण बाईंचंच झालं होतं. चांगल्या वीस मिनिटं बोलल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि खरं सांगायचं तर बाईंना त्या टाळ्या आवडल्याही होत्या.

"बाई, नाव परत घालायला मला पाच मिनिटं पुरतात," गंधार म्हणाला. "जुनी प्रत आहे माझ्याकडे. पण साहेबांना नाव नकोय, करणाऱ्याची सही हवीय. म्हणतात, आज तू घालशील, उद्या कोणी काढेल."

"बरोबरच म्हणतात. दाखव."

पान उघडलं. बाईंनी चष्मा नाकावर ढकलला. पहिली अस्मिता. त्याखाली दोन मुली दुसऱ्या, दोघींची वेळ सारखी. मग चौथी, पाचवी, सहावी, अशा थेट बाराव्यापर्यंत. बाईंनी मान डोलावली. नाव गायब होतं, पण पान तसं नीटनेटकं होतं.

"आता दुसऱ्या एखाद्या स्पर्धेचं दाखव."

गंधारनं पोलादपूरच्या धावण्याच्या शर्यतीचं पान काढलं. तिथं दोन मुलं तिसरी होती, आणि त्यांच्याखाली चौथा.

बाई खवळल्या. "हे काय रे? दोघं तिसरे आले तर पुढचा पाचवा! त्याच्या पुढं चार जण पोचलेत ना? वर्गात घसा कोरडा केला मी!"

"प्रोग्रॅम तसेच क्रमांक टाकतो हो, बाई. सगळ्या पानांवर असंच आहे. पुढच्या सुधारणेत बघू." गंधार कसनुसं हसला.

"हातानं बदलता येतात?"

"येतात. एकेक चौकट उघडून. पण एवढा उपद्व्याप कोण करणार?"

बाईंची नजर पुन्हा पानावर गेली. त्यांनी विचारलं, "आत शिरायची किल्ली कोणाकोणाकडे?"

"पासवर्ड चौघांनाच माहीत. मी, निषाददादा, अस्मिता, ती दिवाळीच्या सुट्टीत नोंदी टाईप करायला यायची, आणि पोलादपूरचे श्रीपतकाका."

निषाद हा गंधारचा थोरला भाऊ, वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. बाईंनी तिथूनच त्याला फोन लावला.

"मंगळवारी? छे हो, बाई," निषादचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "मंगळवारी दहा ते दोन लाइट कुठं होती? ऑफिसात आम्हीही हातावर हात ठेवून बसलो होतो. कोणी केलं ते सापडलं की मलाही सांगा."

बाईंनी फोन ठेवला. "गंधार, मी मंगळवार म्हटलं नव्हतं. कोणी सांगितलं त्याला?"

"मीच, काल घरी. वेबसाईट चालते बाहेरच्या यंत्रावर, तिथं नोंद राहते ना. पान उघडलं मंगळवारी अकरा चाळीसला, बंद केलं अकरा बावन्नला."

"बारा मिनिटं?" बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एक नाव पुसायला किती वेळ लागतो रे?"

"मिनिटभर."

"मग उरलेली अकरा मिनिटं तो माणूस आत काय करत होता?"

तेवढ्यात लाइट गेली आणि सगळे पडदे काळे झाले.

३

डॉक्टरांचं घर दोन गल्ल्या सोडून. अस्मिता ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या ओवत होती. शर्मिलाला पाहताच तिनं मान फिरवली.

"मी नाही काढलं," बाईंनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "पण खोटं कशाला बोलू? काल ते पान पाहिलं आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. दोन वर्षं मी पुण्याहून मागवलेले बूट घालून पळतेय, आणि ही साध्या कॅनव्हासच्या बुटांत येते आणि पुढं जाते. माझा जळफळाट होतो, बाई. रात्र रात्र झोप लागत नाही."

शर्मिला म्हणाली, "मग जोरात पळायचं."

"पळतेच आहे! मंगळवारी सकाळी नऊपासून बारापर्यंत हिरकणीवाडीलाच होते. तीनदा अर्ध्या गडापर्यंत चढले-उतरले. जानकीबाईंना विचारा."

बाईंनी कोपऱ्यावरच्या बूथवरून हिरकणीवाडीला, जानकीबाईंच्या भज्यांच्या टपरीशेजारच्या घरी फोन लावला. जानकीबाईंना बोलवून आणेपर्यंत चार मिनिटं गेली.

"ती डाक्टरांची पोर? व्हती गो बाय, मंगळवारी हितंच व्हती! बाराच्या गाडीनं गेली. लिंबू सरबत पाच गिलास प्याली आनि भजी एक नाय खाल्ली. असली गिऱ्हाईकं काय कामाची?"

म्हणजे अस्मिता सुटली. बाईंनी तिला हेव्याबद्दल चार शब्द सुनवायचे म्हणून तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सुनवायचा अधिकार त्यांना कुठं होता? घरी कपाटात एक पुस्तिका पडून होती. तिच्यातली तीनशेच्या तीनशे गणितं बाईंनी रचलेली, आणि वर लेखक म्हणून नाव मुख्याध्यापक शरच्चंद्रांचं. प्रस्तावनेत सुद्धा बाईंचा उल्लेख नव्हता. शरच्चंद्र जाऊन नऊ वर्षं झाली, पण ती पुस्तिका हाताला लागली की बाई अजून ती उलटी घालून ठेवायच्या. हेवा म्हणजे काय, हे बाईंना कोणी शिकवायला नको होतं.

"अकरा वाजले. पोलादपूरची गाडी पकडू," त्या म्हणाल्या.

४

श्रीपतराव तालुक्याच्या क्रीडा मंडळाचे कारकून. पंचवीस वर्षं निकालांचे कागद त्यांच्या पोलादपूरच्या खोलीत जमा व्हायचे. निकाल हवा तर श्रीपतरावांच्या दारात यावं लागे. आता कोणी फिरकत नव्हतं.

"या, बाई. बरंच झालं त्या वेबसाईटचं," ते बसल्याजागीच म्हणाले. "पूर्वी या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. लोक चहा घेऊन यायचे माझ्यासाठी. आता कुत्रं इचारत नाय. बुडाली तं बुडूं दे."

"म्हणजे तुम्ही बुडवलीत?"

"मी?" श्रीपतराव हसता हसता खोकले. "पासवर्डची चिठ्ठी हाय माझ्याकडं, ती बघा, देवाच्या फोटोमागं. पर मला तो डबा चालू बी करता येत नाय. आनि मंगळवारी पोलादपुरात लाइट नव्हती."

बाईंनी न विचारताच रॅकवरची जुनी रजिस्टरं काढली. श्रीपतरावांचं अक्षर मोत्यासारखं. पण कुठंही दोघे बरोबरीत आले की खाली लगेच पुढचा आकडा. दोघे तिसरे, मग चौथा. पानामागून पान तेच.

"श्रीपतराव, दोघं तिसरे तर पुढचा पाचवा नाही का?"

"कशाला? चवथाच की. मधला आकडा वाया कशाला घालवायचा?"

बाईंनी रजिस्टर मिटलं. हा माणूस नव्हे. यानं त्या पानावर खालचे आकडे असे लावलेच नसते.

निघताना श्रीपतराव दारापर्यंत आले. "एक सांगू? ही निकालवही काढली थोरल्यानं. निषादनं. चार वर्षं दर महिन्याला स्कूटरवरनं यायचा, पावसात सुद्धा. कागद न्यायचा, एकटा बसून टाईप करायचा. आता त्या पानाखाली नाव गंधारचं. त्याचं कुठंय?"

बाईंच्या पायातली चप्पल दारातच थबकली.

५

परतीच्या एस.टी.त बाई खिडकीशी बसल्या. दीड वाजला होता. पुढच्या बाकावर शर्मिला, शेजारी बुद्धरत्न. बाईंनी तिकिटाच्या मागं पेन्सिलीनं आकडे लिहिले. शर्मिलाचं नाव काढल्यावर प्रोग्रॅमनं आपोआप क्रमांक लावले असणार: एक, दोन, दोन, तीन. पण पानावर होतं एक, दोन, दोन, चार, आणि तिथून थेट बारापर्यंत. म्हणजे कोणीतरी नऊ चौकटी एकेक उघडून हातानं दुरुस्त केल्या होत्या. ती अकरा मिनिटं इथं गेली!

बाईंना हसू आलं, आणि मग हसू गेलं. चोरी करायला शिरलेल्या माणसाला घरातला तिरका फोटो सरळ केल्याशिवाय राहवलं नव्हतं. असली खोड एकाच वर्गात लागायची. बाई त्या वर्गात पाच खुर्च्या मांडायच्या. तिसऱ्या खुर्चीवर दोन पोरं दाटीवाटीनं बसवायच्या, आणि पुढचं पोर चौथीकडे वळलं की ओरडायच्या, "चौथी खुर्ची रिकामी! तू पाचवा!"

अस्मिता त्यांच्या वर्गात कधी नव्हतीच. श्रीपतरावांचं तर पाहिलंच. राहिले दोघे भाऊ. गंधारला नियम आठवतही नव्हता.

पण मंगळवारी लाइट नव्हती, निषादनंच सांगितलं होतं.

"बुद्धरत्न," त्या म्हणाल्या, "मंगळवारी दहा ते दोन तुम्ही कारखान्यात काय केलंत? अंधारात बसलात?"

"अंधारात?" बुद्धरत्नांनी मान वळवली. "वसाहतीत कुठं लाइट जाते, बाई? कारखान्यांची लाइन येगळी. भारनियमन गावाला. आमचे पंखे, मशिनी, समदं चालू व्हतं. निषाद सायबांच्या ऑफिसचा एशी तं कधी बंदच नसतो."

बाईंनी तिकीट मुठीत चुरगळलं. कोडं सुटलं होतं, पण त्याचा आनंद झाला नाही. कारण निषाद हा त्यांचा सगळ्यात आवडता विद्यार्थी होता.

६

वसाहतीच्या नाक्यावर चहाची टपरी होती. बाईंनी फोन करून बोलावलेला निषाद पावणेतीनला आला. तिशीचा, शर्टाला इस्त्री, खिशाला पेन. बुद्धरत्न आणि शर्मिला शेजारच्या बाकावर बसले होते. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"सापडला का कोणी, बाई?"

"बस. एक गणित घालते. दोघं तिसरे आले, तर पुढचा कितवा?"

"पाचवा," निषाद पटकन म्हणाला. "चौथी खुर्ची रि..."

तो थांबला. टपरीवाल्यानं चहा पुढं ठेवला, तो त्यानं उचलला नाही.

"नऊ चौकटी, निषाद," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्या दुरुस्त केल्या नसत्यास तर मला कधी कळलं नसतं. आणि वसाहतीत लाइट जात नाही."

"चुकीचे क्रमांक बघवत नाहीत मला. तुम्हीच लावलेली सवय." निषादनं चहा बाजूला सारला. "गंधारला दहा वेळा सांगितलं, क्रमांक चुकतायत. हसला. माझी चार वर्षांची पानं त्यानं एका दिवसात काढून टाकली, म्हणे सुधारणा! वेबसाईट एकदा खोटी पडू दे, असं वाटलं मला. म्हणू दे लोकांना, मोठ्याच्या वेळी असं होत नव्हतं."

"सख्खा भाऊ ना तो तुझा?"

"म्हणून तर! परक्याचा कोण कशाला हेवा करतो?" आणि मग त्यानं पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "सत्काराच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, बाई. स्टेजवर चार खुर्च्या मांडलेल्या. तीन भरल्या, चौथी रिकामी. मला वाटलं, आता बाई मला वर बोलावतील. तुम्ही वीस मिनिटं बोललात. 'गंधारनं एकट्यानं केलं', असं तीनदा म्हणालात. नाव पुसायला सुरुवात कोणी केली, बाई?"

बाईंना कपाटातली पुस्तिका दिसली, वरचं शरच्चंद्रांचं नाव दिसलं. ज्या गोष्टीनं आपला जन्म जाळला तीच आपण टाळ्यांच्या नादात या पोराला दिली. त्यांचे डोळे भरून आले.

"मी केली," त्या म्हणाल्या. "चुकले मी. त्याच स्टेजवर उभी राहून सांगेन. पण नाव शर्मिलाचंच का काढलंस?"

निषादनं मान खाली घातली. "अस्मिताचं काढलं असतं तर डॉक्टर तासाभरात दारात आले असते. वाटलं, तुडीलहून हिच्या घरचं कोण विचारायला येणार आहे? मग आठवड्यानं मीच चूक दाखवून दिली असती. वसतिगृहाचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं."

शर्मिला उठून समोर आली. सकाळपासून ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

"तुमची खुर्ची रिकामी रायली म्हनून माझी उचललीत? तुमचं भांडण भावाशी, बाईंशी. मी तुमचं काय खाल्लं व्हतं? पुसायचं तं सोताचं पुसायचं. मी चौदाशे पायऱ्या चढलेय त्या नावासाठी!"

निषादनं खिशातलं पेन काढलं. बाईंनी पिशवीतला कोरा कागद पुढं सरकवला. त्यानं सगळं लिहिलं: कधी, कुठून, कसं आणि का. 'का'पुढं एकच शब्द लिहिला, मत्सरापोटी. खाली सही केली. बाईंनी त्याखाली लिहिलं, शर्मिला पहिली आली हे मी घड्याळ हातात धरून पाहिलं आहे, आणि आपली सही केली. बुद्धरत्नांनी कागद घेतला, ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एक तारीख राहिली होती ती घालायला लावली.

नाक्यावरच्या दुकानातून साडेतीनला फॅक्स गेला. चारला दहा कमी असताना साहेबांचा तिथंच फोन आला. कागद मिळाला होता. शर्मिलाचं नाव त्यांनी यादीत घातलं होतं. जूनच्या पहिल्या तारखेला बिछाना घेऊन हजर व्हायचं होतं. शर्मिलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

निषाद रस्त्याच्या कडेला उभा होता. तो बुद्धरत्नांजवळ आला. "माफ करा," तो म्हणाला. "खरंच वाटलं नव्हतं, तुम्ही महाडला येऊन विचाराल."

बुद्धरत्नांनी कागदाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

"महाडात येऊन आपल्या हक्काचं इचारायची सवय आमाला आजची नाय, सायेब," ते म्हणाले. "चल गो शर्मिला. गाडी चुकंल."